परसातली भाजी, बरणीतलं लोणचं

एखादी वस्तू कुणी नको इतकी जपून ठेवली की आपण मराठीत विचारतो, ‘त्याचं काय लोणचं घालायचंय?’ हा प्रश्न मला नेहमीच जरा अन्यायाचा वाटत आला आहे. जणू लोणचं घालणं म्हणजे निरुपयोगी वस्तूंची साठवण! खरं तर ज्या घरात लोणचं पडायचं त्या घरातली बाई पुढच्या महिन्यातल्या ताटाची काळजी आज वाहत असायची. आणि हीच मराठी भाषा दुसऱ्या बाजूला ‘मुरलेला गवई’, ‘मुरलेला वकील’ असंही म्हणते. तिथं मात्र बरणीतल्या फोडीला एकदम मानाचं पान मिळतं.

आज मला कैरीच्या लोणच्याबद्दल बोलायचं नाही. कैरीचं कौतुक करणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही. मला बोलायचं आहे ते हिवाळ्यातल्या, घरामागच्या वाफ्यातल्या भाज्यांच्या लोणच्याबद्दल. मार्गशीर्ष-पौषात गाजरं, मुळे, फ्लॉवर, मटार, ओली हळद, आंबेहळद, आलं, हिरव्या मिरच्या आणि लिंबं एकाच वेळी हाताशी येतात. ती धुवायची, धडप्यावर पसरून कोरडी करायची, चिरायची, मीठ-हळद लावून खार सुटू द्यायचा, फेसलेली मोहरी घालायची, गार फोडणी ओतायची आणि हिंगाची धुरी दिलेल्या बरणीत भरून तोंडाला दादरा बांधायचा. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी जवळजवळ प्रत्येक घरामागे परडं असे आणि पौषात प्रत्येक परड्यातल्या भाजीचा असा शेवट होत असे.

आमच्या घरात या पदार्थाला दोन नावं होती. दादी त्याला ‘अचार’ म्हणायची, आणि आम्ही पोरं शाळेतून आल्यावर ‘लोणचं’ म्हणायचो. एकाच बरणीतून दोन्ही निघायचं. ‘लोणचं’ हा शब्द लवणाच्या घरातला, म्हणजे मिठाच्या. ‘अचार’ आला फारसीतून. मराठीने आपल्या पदार्थाचं नाव ठेवलं ते त्याला टिकवणाऱ्या वस्तूवरून, ही गोष्ट मला फार आवडते. तेल नसलं तरी लोणचं होतं, मिरची नसली तरी होतं, मीठ नसलं तर मात्र होत नाही. आपल्याकडे पान वाढताना मीठ सर्वांत आधी वाढतात आणि लोणच्याची जागा डाव्या बाजूला ठरलेली असते, हे इथं आठवावं.

दादीचा ‘अचार’ मात्र भलताच भटक्या निघाला. गोव्यात १५६३ साली एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींविषयी संवादरूपाने त्याने हा ग्रंथ लिहिला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं आणि तिथल्या आपल्या बागेतल्या आंब्याचं त्याला मोठं कौतुक होतं. हा ओर्ता सांगतो, की इथले लोक हिरवा, कोवळा बिब्बा मिठात घालतात, त्याला अचार म्हणतात आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसा तो बाजारात विकतात. बिब्ब्याचं लोणचं! ज्याच्या तेलाने अंग उततं, त्या बिब्ब्यालासुद्धा मिठाने माणसात आणलं होतं. ओर्ता स्वतः मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली. त्याने टिपलेला ‘अचार’ मात्र पोर्तुगीज जहाजांतून पुढे निघाला. जपानात आजही गोडसर आंबट मुरवलेल्या भाज्यांच्या एका प्रकाराला ‘अचारा-झुके’ म्हणतात. मॉरिशसला तर एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातली नि देशावरची माणसं मजूर म्हणून गेली, त्यांचे वंशज आजही तिथं मराठीपण जपून आहेत. त्या बेटावर कोबी, गाजर, घेवडा यांचं हळद-मोहरी-मिरची लावलेलं लोणचं घरोघर होतं आणि त्याला म्हणतात ‘झासार’. फ्रेंच बोलण्यातल्या अनेकवचनाचा ‘झ’ अचाराला पुढून चिकटला, इतकंच.

भाजीला नि फळाला मीठ लावून ठेवण्याची कला ओर्ताच्याही आधीची, हे उघडच आहे. चौदाव्या शतकाच्या मध्याला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता गोव्याच्या दक्षिणेला होन्नावरला उतरला होता. तिथल्या सुलतान जमालुद्दीनकडच्या जेवणाचं त्याने केलेलं वर्णन वाचावं. रेशमी वस्त्र नेसलेली दासी आधी भात वाढते, वर तूप घालते आणि मग बाजूला मिठातले मिऱ्यांचे घोस, ओलं आलं, लिंबू आणि आंबा. एक घास भाताचा, मग जरासं लोणचं. सातशे वर्षांपूर्वीचं हे ताट आजही कोकणपट्टीत कुणाला परकं वाटणार नाही. (याच होन्नावरात मुलींच्या तेरा शाळा आपण पाहिल्या, असंही तो नोंदवतो. विषय वेगळा आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) पुढे पूर्वेकडच्या समुद्रात एका राजकन्येने त्याला निरोपाची भेट दिली, त्यात मिठात घातलेली मिरी, लिंबं आणि आंबे यांनी भरलेले चार मोठे रांजण होते. समुद्रप्रवासासाठी करतात तसे, असं तो म्हणतो. त्या रांजणांना तो नाव देतो ‘मर्तबान’. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून ही झिलईची भांडी जगभर जात, म्हणून त्यांचं हे नाव. दादी लोणच्याच्या बरणीला ‘मर्तबान’च म्हणायची. ब्रह्मदेश कुठल्या दिशेला, हे तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

आता भाज्यांकडे येतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बाजारभावांच्या याद्या दिल्या आहेत. त्यात एक यादी फक्त लोणच्यांची. बादशाही मुदपाकखान्याची यादी म्हटल्यावर आपण डोळे दिपण्याच्या तयारीने वाचायला घेतो आणि समोर येतं काय, तर गाजर, सलगम, कांदा, लसूण, वांगं, सुरण, शेवगा, काकडी, आलं, बांबूचे कोंब! लिंबाचेच चार प्रकार: तेलातलं, सिरक्यातलं, मिठातलं आणि लिंबाच्याच रसातलं. भाव दिले आहेत ते दामांत. एका रुपयाचे चाळीस दाम होत. सफरचंद आणि बिही यांची लोणची महाग. गाजर, कांदा, काकडी मात्र अगदी स्वस्त, शेराला दामाच्या आतबाहेर. म्हणजे बादशहाच्या ताटातली गाजराची फोड आणि शेतकऱ्याच्या भाकरीवरची गाजराची फोड यांत किमतीचा फरक फारसा नव्हता. इतिहासात राजा आणि रयत एका पंगतीला बसल्याची उदाहरणं थोडी. हे त्यातलं एक धरायला हरकत नाही.

या यादीत एक गोष्ट नाही. तिच्याशिवाय आज आपलं लोणचं लोणचं वाटत नाही. ती म्हणजे मिरची. अकबराच्या मुदपाकखान्यात तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू आत सरकत गेली. आपण तिचं नाव जुन्या मिऱ्यावरूनच ठेवलं आणि तिला इतकी घरची करून टाकली, की आज मिरचीशिवायचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणायला कल्पनाशक्तीला ताण द्यावा लागतो. कोबीही असाच आला. त्याच्या नावात पोर्तुगीज ‘कोव्ह’ अजून ऐकू येतो.

आणि फ्लॉवरची कहाणी तर गमतीचीच आहे. हिंदुस्थानात फ्लॉवरचं बी इंग्लंडहून आणून १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी सरकारच्या बागेत लावलं गेलं, असं शेतीची पुस्तकं सांगतात. पण त्याच्या अर्धशतक आधी, १७६९ साली, एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्लिश बाईने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात ‘इंडियन पिकल’ची कृती दिली होती, तिच्यात कोबी आहे, घेवडा आहे, मुळ्याच्या शेंगा आहेत आणि फ्लॉवरही आहे! कंपनीच्या जहाजांतून विलायतेला गेलेल्या आंब्याच्या लोणच्याची चव तिकडे जिभेवर बसली होती. आंबा कुठून आणणार? मग परसात होतं ते घेतलं, सिरका नि मसाला लावला आणि त्याला नाव दिलं हिंदुस्थानी लोणचं. ‘पिकॅलिली’ म्हणून ते आजही तिकडे खातात. म्हणजे फ्लॉवर आपल्याकडे रुजण्याआधीच तिकडे आपल्या नावाच्या लोणच्यात जाऊन बसला होता. आज आपण आजीच्या हातचं म्हणून जे भाज्यांचं लोणचं मोठ्या अभिमानाने पुढे करतो, त्यातला फ्लॉवर दोनशे वर्षांचा आणि मिरची फार तर पाचशेची. मोहरी, हळद, आलं, लिंबू एवढेच काय ते जुने भाडेकरू. शुद्ध देशी, शुद्ध आमचं, असं कुणी बरणीकडे बोट दाखवून म्हणालं तर मी वाद घालत नाही. फक्त चमचा पुढे करतो.

याच यादीत एका मुळाची आठवण काढायला हवी. माईनमुळा! दिसायला ओबडधोबड, तुळशीच्या कुळातल्या झुडपाचं मूळ. महाराष्ट्रात नि गुजरातेत ते लोणच्यासाठीच लावत आले. १९७०च्या दशकात मुंबईतल्या औषध-संशोधकांनी याच मुळातून फोर्स्कोलिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. पेशींचा कारभार कसा चालतो हे शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना ते फार उपयोगी पडलं. आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ‘असेल हो, पण त्याला मीठ जरा जास्त लागतं.’

भाज्यांचं लोणचं कैरीपेक्षा नाजूक का, याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. कैरी मुळात आंबट, तिचा आंबटपणाच अर्धी राखण करतो. गाजर, मटार, फ्लॉवर यांना आंबटपणा नाही, अंगात पाणी मात्र भरपूर. म्हणून त्यात लिंबाचा रस पिळावा लागतो आणि तरीही ते महिना-दीड महिन्यात संपवावं लागतं. मीठ भाजीतलं पाणी बाहेर खेचतं, तोच खार. त्या खारात बहुतेक जंतूंचं काही चालत नाही, पण दूध विरजणाऱ्या जंतूंच्या जातभाईंचं चालतं. भाजीतली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात आणि लोणचं मुरतं. हा जंतूंचा खेळ फ्रान्समध्ये लुई पाश्चरने १८५७ साली उलगडून दाखवला. मोहरीचं शास्त्र तर आणखी चतुर. कोरडी मोहरी नाकाजवळ धरा, काही वास नाही. वाटून पाण्यात फेसली की तिच्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि नाकातोंडातून पाणी काढणारी झणझण उठते. ही झणझणच बुरशीला दूर ठेवते. कढत तेल ओतलं तर हे काम करणारं द्रव्य मरतं, म्हणून फोडणी गार करून घालायची. आमच्या अम्माला यातलं एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. फोडणीच्या कढईला हाताची पालथी बोटं लावून ती तेल गार झालं की नाही ते ठरवायची.

पण मीठ म्हणजे फक्त चव नव्हे. इंग्रजी अमलात मीठ ही सरकारची मिरास होती. भायंदर, उरण, वडाळा, शिरोडा इथली मिठागरं सरकारी पहाऱ्यात असत. समुद्रकाठी उन्हाने आपोआप धरलेलं मीठ ओंजळभर उचललं तरी गुन्हा. १९२३ साली सरकारने मणामागे सव्वा रुपयाचा कर एकदम अडीच रुपयांवर नेला. ओरड झाली, पुढल्या वर्षी तो परत सव्वा रुपयावर आला. आता विचार करा. भाजीत रोज चिमूटभर मीठ टाकणाऱ्याला कर चिमटीने भरावा लागतो, पण लोणच्याला मीठ लागतं ते एका वेळी शेरांनी. ज्याच्या ताटात भाजी-आमटी असते त्याला लोणचं नसलं तरी चालतं. ज्याच्या भाकरीला दुसरी सोबतच नाही, त्याचंच लोणच्यावाचून अडतं. त्यामुळे हा कर ज्याच्या भाकरीवर सर्वांत जड पडत होता, त्याचं नाव कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

म्हणूनच गांधीजींनी १९३० साली मिठाला हात घातला, तेव्हा ‘मिठासारखी क्षुल्लक वस्तू!’ म्हणून हसणाऱ्यांच्या घरी बहुधा बरणी भरणारी बाई वेगळी असावी. चुलीपाशी बसणाऱ्यांना त्याचा अर्थ लगेच कळला. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मैत्रिणींनी मुंबईत चौपाटीवर मीठ केलं आणि त्याच्या पुड्या शहरात विकल्या. धारासण्याला गांधीजींच्या जागी नेतृत्व करायला निघालेले अब्बास तय्यबजी तेव्हा पंचाहत्तरी उलटलेले होते. त्यांना अटक झाली आणि सरोजिनी नायडू पुढे झाल्या. आपल्याकडे मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला आणि वडाळ्याच्या मिठागरावर तर हजारो माणसं तुटून पडली. हा कर अखेर गेला तो १९४७ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर.

सरकारचा पहारा उठला, घरातला उठला नाही. काही गोष्टी सांगतो, तक्रार म्हणून नव्हे. आमच्या परड्यातली गाजरं, लिंबं, तोंडली अम्मा शेजारच्या काकूंकडे पाठवायची. काकू त्यांचं लोणचं घालायच्या आणि वाटीभर आमच्याकडे यायचं. वाटी धुऊन परत जायची ती कधी रिकामी नसे, पुन्हा त्यात चार लिंबं नाहीतर मूठभर मिरच्या. पण आमच्या बरणीतलं लोणचं त्या वाटीतून पलीकडे कधी गेलं नाही. भाजी कच्ची असेपर्यंत ती परड्यातली असायची. तिला मीठ लागलं की ती आमच्या घरची व्हायची. हा नियम कुणी बोलून दाखवला नाही, अम्माने विचारला नाही, दोघींची मैत्री चाळीस वर्षं टिकली. काकूंची धाकटी सून आली, ती एके दिवशी सरळ आमच्या स्वयंपाकघरात बसून भाकरीबरोबर अम्माचं लोणचं खाऊ लागली. काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, ‘तिखट आहे, पाणी घेऊन बस गं.’ बस, एवढंच.

पण याच अम्माच्या घरात माझ्या बहिणींना महिन्यातले चार दिवस बरणीला हात लावायची मनाई होती. काकूंकडेही तोच नियम. धर्म दोन, स्वयंपाकघरं दोन, शब्दसुद्धा दोन, आणि बाईचा हात लागला तर लोणचं नासतं ही समजूत मात्र दोन्हीकडे शब्दशः एक! ऐक्याची इतकी पक्की खूण मला दुसरी आढळलेली नाही, आणि हिचं कौतुक करावं असं मात्र वाटत नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने, तेलाचा थर खाली गेल्याने. ज्यांच्या हातांनी ते चिरलं, कालवलं, भरलं, त्याच हातांना चार दिवस परकं ठरवायचं, याला काय म्हणावं? २०१४ साली सॅनिटरी नॅपकिन बनवणाऱ्या एका कंपनीने याच समजुतीवर बोट ठेवून ‘लोणच्याला हात लावा’ अशी जाहिरातमोहीम काढली. तिला परदेशात मोठं बक्षीसही मिळालं. कंपनीला नॅपकिन विकायचे होते, हे खरंच. पण ही गोष्ट साध्या शब्दांत सांगायला आपल्याला २०१४ सालापर्यंत जाहिरातीची वाट पाहावी लागली, हेही खरं. माझ्या धाकट्या बहिणीने मात्र १९८० च्या आसपासच त्यातल्या एका दिवशी गुपचूप बरणीतून लोणचं काढून खाल्लं होतं. बरणी महिनाभर उत्तम राहिली. तिने हे अम्माला सांगितलं ते स्वतःच्या मुलीच्या लग्नात. अम्मा थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, ‘चमचा कोरडा होता ना?’

आता परडी राहिली नाहीत. आमच्या परड्याच्या जागी तीन मजली इमारत आहे. बाजारचं लोणचं काही कालपरवाचं नाही. गिरगावातलं बेडेकरांचं दुकान १९१० सालचं आहे. तयार बरणी आणणाऱ्यांना नावं ठेवण्याची फॅशन मला पटत नाही. नोकरी करून आलेल्या बाईने रात्री मोहरी फेसत बसावं, असं सांगायचा अधिकार ती मोहरी स्वतः न फेसणाऱ्या कुणालाच नाही. ज्याला घरच्याचा फार सोस आहे त्याने विळी पुढ्यात घ्यावी. मी निवृत्तीनंतर घेतली. गाजराची सळई सारखी कापणं हे ओळ मात्रेत बसवण्यापेक्षा अवघड आहे, एवढं अनुभवाने सांगतो.

यंदाच्या पौषात भाज्या आणायला गेलो तेव्हा माईनमुळा अख्ख्या मंडईत एका म्हातारीकडेच दिसला. पाव किलोही नसेल. खरवडून देऊ का, म्हणाली. मी नको म्हटलं आणि मातीसकट पिशवीत टाकला.